आपलाच ऊस, आपलीच गाडी



परवा काट्यावर ट्रॉल्यांच्या रांगेत उभा होतो. चिटबॉय पोरगं हसत म्हणालं, "तात्या, ती मर्सिडीज विका की आता. तुमच्याच उसाचं इथेनॉल तिला पचंना झालंय म्हणं!" रांगेतली सगळी हसली. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गाडीविषयी, कारण "शेतकऱ्याला कशाला पाहिजे असला डौल" असे मागे बोलणारे आहेत. मर्सिडीजची कंपनी आपल्याकडे १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात तिची पहिली गाडी जुळू लागली. त्याच मालिकेतली माझी १९९६ ची ई-२२० पेट्रोल. २००९ साली एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. त्या वेळी नव्या जीपगाडीला जेवढे लागले असते, त्याच्या निम्म्यातही भागले. म्हणजे डौल म्हणाल तर स्वस्तातला.

घेतली ती आईसाठी. तिला महिन्यातून दोनदा पुण्याला दवाखान्यात न्यावे लागे. उंच गाडीत चढायचे म्हणजे खाली पाट ठेवायचा, दोघांनी हात धरायचा. कराड मागे पडले की कंबर धरून बसायची, खंबाटकी येईतो बोलणेच बंद. या गाडीत ती नुसती मागे वळून टेकायची, पाय आत घ्यायची, की झाले. पहिल्याच खेपेला साताऱ्याच्या अलीकडे झोपली ती कात्रजला जागी झाली. आई गेली त्याला आता सहा वर्षे झाली. मागच्या सीटवर तिची घडी घातलेली चादर अजून आहे.

रस्त्यावर गाडी अशी बसते की खड्डा कानाला कळतो, अंगाला कळत नाही. दार लावले की तिजोरी लावल्यासारखा आवाज. समोरच्या काचेला वायपर एकच, पण तो पुढे-मागे सरकत कोपऱ्यापर्यंत पुसतो. पार्किंगचा ब्रेक पायाने दाबायचा आणि सोडायला डॅशबोर्डावरची मूठ ओढायची. गॅरेजातली नवी पोरं अजून हातब्रेक शोधत बसतात. वाटेत बंद पडून धक्का मारायची पाळी सोळा वर्षांत एकदाच आली, आणि तीही बॅटरी बदलायचा मीच आळस केला म्हणून.

पण टिकाऊ गाडी म्हणजे फुकटची गाडी नव्हे हो. रबरी बुश, इंजिनाखालची माउंटिंगे वयाने जाणारच. सुटा भाग मुंबईहून मागवायचा म्हणजे आठवडा जातो. एका गॅरेजवाल्याने तर न बदललेल्या भागाचे बिल लावले होते. तेव्हापासून जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. आपला मिस्त्री नीट असेल तर गाडी जगते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने याच कंपनीची १९७६ ची डिझेल गाडी, इंजिने बदलत बदलत, ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. आमची अजून तीन लाखांतच आहे, म्हणजे पोरच म्हणायची.

आता मूळ मुद्दा. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण झाले; आधी हे उद्दिष्ट २०३० चे होते. मी त्याच्या विरोधात नाही. का असेन? एफआरपी १४ दिवसांत द्यायची हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम कागदावर किती वर्षे होता आणि बिलासाठी आपण किती हेलपाटे घातले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर हातात येतात. २०२४-२५ साठी उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. ते पैसे आपल्याच बिलात आले.

पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्मांक असतो. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात लिहिले आहे की जुन्या धर्तीच्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकते. माझी मोटार हायवेला साडेदहा द्यायची, आता दहाच्या आत आली. मागच्या उन्हाळ्यात पेट्रोलची एक नळी पाझरू लागली. मिस्त्री म्हणाला, "वयानं गेली का पेट्रोलनं, देवाला ठाऊक." मीही गाडीला वा इथेनॉलला दोष देत नाही, सगळ्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या टाकून घेतल्या. तुमच्याकडे जुनी पेट्रोल मोटार, मोटारसायकल असेल तर एवढे करून घ्या. आणि पावसाळाभर टाकी भरून गाडी गोठ्यात उभी करू नका. इथेनॉल पाणी ओढून घेते.

हा खर्च कोणी सोसायचा, हे मात्र बोलले पाहिजे. २०२३ च्या एप्रिलपासून निघालेल्या गाड्या या इंधनाला तयार करून आल्या. त्याआधीच्यांचा वाली कोण? नवी घ्या म्हणणे सोपे आहे. आपल्या सभासदांत जुनी मोटारसायकल सांभाळून दूध घालणारे किती आहेत, ते मोजा आधी. मर्सिडीजवाला मी एकटा. नळ्यांचे पैसे मला जड नाहीत, त्याला आहेत. आणि उसाचा अभिमान बाळगताना हेही ध्यानात असू द्या की २०२४-२५ मध्ये निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून, त्यातही मुख्यतः मक्यापासून झाले. सगळा भार आपल्या खांद्यावर आहे अशा समजुतीत राहून तक्रार करणाऱ्याला ऊसद्रोही ठरवू नये.

माझे म्हणणे एवढेच. संचालक मंडळाने तेल कंपन्यांना लिहावे की आपल्या पंपावर एक नळ कमी मिश्रणाच्या पेट्रोलचा ठेवा, दर चार पैसे जास्त लावला तरी चालेल. आणि प्रत्येक नळावर मिश्रणाचे प्रमाण मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांना पटेल त्यांनी मंगळवारी शेतकी ऑफिसात भेटावे, मी दहापासून तिथे असतो. गाडी बाहेर लिंबाखाली उभी असेल, ओळखायला अवघड नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद