सापाच्या पेटीला ऊब कशाची द्यावी?

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा वीजबिलाची, रेशनकार्डाची नाहीतर शिष्यवृत्तीच्या अर्जाची असतात. या वेळचे पत्र निराळे आहे. आमच्या एका वाचक भगिनीचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने साप पाळण्याचा हट्ट धरला आहे. तिकडच्या दुकानात पेटी गरम ठेवण्याची तीन-चार प्रकारची साधने दाखवतात. कोणते घ्यावे, यावर नवरा-बायकोचे एकमत होत नाही. 'तुम्ही विजेचा हिशेब सांगता, तर हाही सांगा,' असे आजीबाईंनी कळवले आहे. प्रश्न वाचून काहींना हसू येईल. परंतु मुक्या जिवाचा आणि घरातल्या विजेचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम कायद्याचे पाहू. ब्रिटनमध्ये विषारी साप ठेवायचा तर १९७६ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. कॉर्न स्नेक किंवा रॉयल पायथन अशा बिनविषारी सापांना तो लागत नाही. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. प्राण्याला योग्य वातावरण मिळालेच पाहिजे. म्हणजे सापाला योग्य ऊब देणे ही तेथे हौस नाही, कर्तव्य आहे.

आता ऊब लागते कशाला, ते समजून घेऊ. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा शरीर सदतीस अंशांवर ठेवण्यात खर्च होतो. साप तसा खर्च करीत नाही. म्हणून मोठ्या कॉर्न स्नेकला आठ-पंधरा दिवसांतून एखादा उंदीर पुरतो. पण त्याची ऊब बाहेरून यावी लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही, आणि साप ते ओकून टाकतो. उलट ऊब फार झाली तर आपल्यासारखा घाम येऊन अंग थंड होण्याची सोय त्याला नाही. रानात तो उन्हात येतो, तापला की सावलीला जातो. पेटीत कोंडल्यावर हे जाणे-येणे आपल्या हातात येते. सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

म्हणून पेटी सगळी सारखी तापवू नये. एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवावे. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. त्याला उबदार टोक साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि थंड टोक २० ते २४ अंश मानवते. रॉयल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. त्याला उबदार टोक ३० ते ३२ अंशांचे लागते, आणि थंड टोकही चोविसाच्या खाली जाऊ देऊ नये. दोन्ही टोकांना लपायला एकेक आडोसा हवा. आडोसा एकाच बाजूला असला, तर साप भीतीपोटी तेथेच बसून राहतो, मग तेथे उकडत असो की गारठा असो.

आता साधने एकेक घेऊ.

पहिले साधन हीट मॅट. ही विजेने तापणारी पातळ चटई असते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीला ती बाहेरून लावतात आणि तळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापू देत नाहीत. किमतीला आणि विजेला ही स्वस्त. पण ती पेटीतली हवा फारशी तापवीत नाही, आणि तिच्यावर भुशाचा जाड थर पडला तर उष्णता खाली कोंडते. लाकडी पेटीच्या खाली लावून उपयोग नाही, कारण लाकूड उष्णता आत येऊ देत नाही.

दुसरे साधन हॅलोजनचा दिवा. हा वरून ऊब देतो, म्हणजे उन्हासारखी. त्याची उष्णता कातडीच्या आतपर्यंत पोचते, म्हणून दिवसाच्या उबेसाठी जाणकार आता ह्यालाच पसंती देतात. लाकडी पेटीला हा चांगला. रात्री मात्र तो बंद करावा, कारण दिवस-रात्रीचा फरक सापालाही कळतो आणि लागतो.

तिसरे साधन सिरॅमिक हीटर. हा दिव्यासारखा होल्डरमध्ये बसतो, पण उजेड देत नाही. त्यामुळे थंडीच्या रात्री उपयोगी पडतो. त्याचा पृष्ठभाग मात्र अतिशय तापतो. त्याला चिनी मातीचाच होल्डर हवा, साधा प्लॅस्टिकचा वितळेल.

चौथे साधन तापणारा दगड. हा घेऊ नये, इतके स्पष्ट सांगतो. तो एखाद्याच जागी फार तापतो. साप त्यावर पोट टेकून पडून राहतो, आणि चटका बसतो आहे हे कळून वेळेवर बाजूला होईलच असा भरवसा नाही. अशाने सापांची पोटे भाजली आहेत. दिवा किंवा सिरॅमिक हीटर पेटीच्या आत असेल तर त्यावर जाळीचे आवरण हवेच. नाहीतर साप वर चढून त्यालाच वेटोळे घालतो.

आता हिशेब. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. वीस वॅटची मॅट चोवीस तास चालली तर महिन्याला १४.४ युनिट. पन्नास वॅटचा हॅलोजन रोज बारा तास चालला तर १८ युनिट. शंभर वॅटचा सिरॅमिक हीटर रात्रंदिवस चालला तर ७२ युनिट. हे आकडे जास्तीत जास्त खर्चाचे आहेत. थर्मोस्टॅट लावला की साधन गरजेपुरतेच चालते आणि युनिट कमी पडतात.

हा थर्मोस्टॅटच आमच्या उत्तराचा गाभा आहे. इस्त्री पुरेशी तापली की तिचा दिवा आपोआप विझतो, तेच काम हा करतो. पेटीत त्याची तार सोडलेली असते. तिच्या टोकाला ठरलेली उष्णता लागली की तो वीज तोडतो किंवा कमी करतो. मॅटला साधा, चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट पुरतो. हॅलोजनला प्रकाश मंद करणारा लागतो, नाहीतर दिवा सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो. सिरॅमिकला बारीक ठोक्यांनी वीज सोडणारा लावतात. तारेचे टोक उबदार बाजूला पक्के बसवावे. ते सुटून थंड बाजूला किंवा पाण्याच्या भांड्यात पडले, तर यंत्राला पेटी थंडच वाटते आणि ते तापवीतच राहते. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर ठेवून रोज पाहावे. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण पडताळा घेतल्यावर.

दुकानात पैसे वाचवायला लोक प्रथम थर्मोस्टॅटच वगळतात, कारण त्याच्यामुळे काही तापताना दिसत नाही. आमचे सांगणे उलट आहे. आधी थर्मोस्टॅट घ्या, मग त्याला जुळेल ते साधन. थर्मोस्टॅटशिवाय महागात महाग दिवाही धोक्याचा, सापाला आणि घरालाही.

आजीबाईंना आमचे उत्तर असे. नातीसाठी रॉयल पायथनपेक्षा कॉर्न स्नेक बरा, त्याला ऊब कमी लागते. पेटी लाकडी असेल तर जाळीसह हॅलोजन आणि त्याचा थर्मोस्टॅट घ्यावा. खोली हिवाळ्यात रात्री फार गार पडत असेल तरच सिरॅमिकची जोड द्यावी. पेटी लहान काचेची असेल तर थर्मोस्टॅटसह मॅट पुरे. वीज वाचवायला काचेची पेटी खिडकीतल्या उन्हात मात्र कधीही ठेवू नये. उन्हात काच बघता बघता भट्टी होते, आणि आतल्या जिवाला पळायला वाट नसते. साप आणण्याच्या आधी पेटी आठवडाभर रिकामी चालवून आकडे वहीत लिहावेत. हे काम नातीकडे द्यावे. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो. आठ दिवस वही लिहिण्याचा कंटाळा आला, तर साप आणू नये हेही त्यातूनच ठरेल.

हे वाचून आपल्या वस्तीतले एखादे पोर खोक्यात साप धरून ठेवील आणि वर बल्ब टांगील, अशी आम्हाला धास्ती वाटते. मोबाइलवर असली चित्रे मुले रोज पाहतात. तेव्हा आईबापांनी नीट लक्षात घ्यावे. इंग्लंडची गोष्ट वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडच्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नाग असो की धामण, पकडून पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी अजगर शहरांत विकले जातात, पण त्यांचीही सरकारदरबारी नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये आले आहेत. कागदाशिवाय कोणी स्वस्तात देत असेल, तर तो साप नव्हे, खटला विकत घेणे आहे. शिवाय नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख पटवण्यात मुलांची चूक झाली, तर ती सुधारायला संधी मिळेलच असे नाही.

घरात साप निघालाच तर लांब उभे राहून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा.

आपल्या सापांना आपल्या बल्बची गरज नाही. त्यांची ऊब त्यांना ठाऊक असते. हिवाळ्यात सकाळी बांधावर, विटांच्या ढिगाजवळ किंवा तापलेल्या डांबरी रस्त्यावर साप निवांत पडलेला दिसतो. लोक म्हणतात, धनावर बसलाय, नाहीतर डूख धरून बसलाय. तो कशावरही बसलेला नसतो. रात्री खाल्लेला उंदीर पचवायला उन्हाला आलेला असतो. तो उंदीर आपल्याच धान्याचा चोर होता. तेव्हा काठी खाली ठेवावी, पोरांना मागे घ्यावे आणि त्याला तापून जाऊ द्यावे.