शुल्कमाफीच्या पुढचे अंतर

दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब आणि परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे हंगामापूर्वीच हाती आलेल्या आगाऊ मजुरीवर, ज्या घराचे वर्ष चालते, त्या घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या तयारीत असते. प्रस्तुत अंकाने गरीब विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न याच वेळी मांडण्याचे कारण असे की, तो जितका पैशाचा आहे तितकाच वेळापत्रकाचाही आहे.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हे पाऊल निःसंशय मोठे आहे. तथापि शुल्क माफ झाल्याने खानावळीचे बिल थांबत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन-निवासाची रक्कम थेट जमा करणारी स्वाधार योजना 2016-17 पासून ही उणीव ओळखते. परंतु तिचे पैसे प्रवेश झाल्यावर व कागदपत्रे तपासल्यावरच येतात, आणि खोलीची अनामत तर पहिल्याच दिवशी भरावी लागते. मधल्या महिन्यांत ज्याला उसने देणारे कोणी नाही, त्याचे शिक्षण तिथेच अडते.

छप्पर आधी आणि हिशेब नंतर, हा क्रम महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी 1955 मध्ये पुण्यात स्थापलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण मुलांसाठी वसतिगृहापासूनच सुरुवात केली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिव परिसरातील सुमारे 1,200 मुले पुण्यात नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. एवढ्या मोठ्या आघातातून आलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकांइतकीच सोबतीचीही गरज होती, हे त्या कामामागचे शहाणपण आजही उपयोगी आहे.

छपराइतकीच महाविद्यालयाची पूर्वतयारीही महत्त्वाची आहे, आणि ती बारावीनंतर नव्हे, आठवी-नववीपासून व्हावी लागते. अमेरिकेत 1960 च्या दशकात सुरू झालेला ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम अल्पउत्पन्न घरांतील मुलांना शाळेतच महाविद्यालयासाठी तयार करतो. धाराशिवला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर 1986 पासून आहे आणि धाराशिव शहरात विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. या दोन ठिकाणी मे महिन्यात इंग्रजी, गणित आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज शिकवणारे निवासी वर्ग भरवता येतील, आणि उत्पन्नाच्या दाखल्यापासून जातवैधता प्रमाणपत्रापर्यंतची जुळवाजुळव त्याच वेळी सुरू केल्यास आईवडिलांच्या सह्या टोळी निघण्यापूर्वीच होतील.