चिखलाला पडीक म्हणू नका

मुंबईला जाऊन आलेल्या आमच्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला काय पाहिले म्हणून विचारा. चैत्यभूमी, राणीचा बाग, गेट वे, चौपाटी ही नावे येतील. ठाण्याची खाडी कोणी सांगणार नाही. पुलावरून लोकल जाताना ती दिसते, पण वास आला की आपण नाकाला रुमाल लावतो आणि मान फिरवतो. त्याच खाडीच्या चिखलात दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात. फ्लेमिंगो म्हणतात ते हेच.

पक्षी पाहणे हा गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या साहेब लोकांचा शौक, असा आपल्याकडे समज आहे. तो सोडून द्यावा. आपल्या नात्यातले कोणी ना कोणी कल्याण, ठाणे, ऐरोलीकडे पोटापाण्यासाठी गेलेले असतेच. त्यांच्याकडे गेलात की एक दिवस मुलांसाठी काढा. भुसावळ-जळगावहून, धुळेकरांनी चाळीसगावहून, रेल्वेने ठाणे गाठावे आणि वाशीच्या लोकलने ऐरोलीला उतरावे. तेथे कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. होड्या तेथूनच सुटतात. मात्र घड्याळ समुद्राचे चालते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आधी चौकशी करूनच निघावे.

आम्ही चार घरची माणसे मिळून गेलो होतो. लांबून पांढरी रेघ दिसली तेव्हा आमच्यातल्या एक आत्याबाई म्हणाल्या, "हाऊ ते बगळाच शे!" होडी थोडी पुढे गेली आणि थवा उठला. पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडा पडला. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, तो परत येईपर्यंत काढला नाही. पोरांनी प्रश्न विचारून होडीवाल्या दादांना हैराण केले. हा रंग येतो कोठून? तर खाण्यातून. रोहिताचे पिल्लू करड्या रंगाचे असते. पुढे शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन पिसांवर गुलाबी रंग चढतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखलपाणी गाळतो. आपण चाळणीने पीठ चाळतो, तोच प्रकार.

आम्ही जमाखर्च लिहिणारी माणसे, म्हणून या चिखलाचाही हिशेब मांडून पाहिला. काठाची तिवरे मुळांनी माती धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात. त्यांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात, त्यावर कोळ्याची चूल पेटते. भरतीचे आणि पावसाचे पाणी पसरायला जागा मिळते, हे सर्वांत मोठे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठची बरीच पाणथळ जागा तोवर भरावाखाली गेली होती. पाण्याला जायला वाट उरली नाही आणि ते सखल वस्त्यांत शिरले. सखल जागी कोण राहते, हे आपल्याला सांगायला नको. पाणथळ जागा बुजवणारा उंचावर राहतो आणि पाणी गरिबाच्या घरात येते.

सरकारने २०१५ मध्ये या खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ मध्ये तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातील ही तिसरी जागा. पण कागदावरच्या नावाने पक्षी जगत नाहीत. नेरूळला खाडीलगत एक तळे आहे. खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्याने ते आटत गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या भागात रोहित भरकटले, काही मेले. रहिवाशांनी आवाज उठवला, अर्ज केले, पाठपुरावा सोडला नाही. शेवटी २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे तीस एकरांच्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. साध्या माणसांनी चिकाटी धरली तर काय होते, हे यातून दिसते.

आता कोणी म्हणेल, मुंबई दूर आहे, होडीचे भाडे घरातल्या सगळ्यांना परवडत नाही. खरे आहे. मग हतनूरला जा. भुसावळ तालुक्यात तापीवर धरण झाले आणि पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवपर्यंत, पाणी पसरले. हिवाळ्यात तेथे हिमालयापलीकडून बदके येतात. चक्रवाक येतो. चोचीवर पिवळा-लाल रंग असलेले हळदी-कुंकू बदक तर आपल्या देशातलेच. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला तर तो वारकरी. ही नावे प्रयोगशाळेत ठरलेली नाहीत, काठावर राबणाऱ्या माणसांनी पाहून ठेवलेली आहेत.

तेव्हा ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात किंवा २ फेब्रुवारीला, पाणथळ दिनी, भाकरी बांधून सकाळी लवकर निघा. मुलांच्या हातात वही द्या, दिसेल तो पक्षी लिहू द्या. काठावर मोठ्याने गाणी लावू नका, प्लास्टिक टाकू नका. आणि आपल्या गावच्या तळ्यात कोणी भराव टाकताना दिसला, तर ग्रामसभेत उठून विचारा. ती जागा पडीक नाही. तिचा सातबारा कोणाच्याही नावावर असो, तिचे पाणी आपल्या दारात येणार आहे.