डोंगल विकण्याआधी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर बोरीवलीतल्या दुकानांत आठ-दहा वर्षं जुने लॅपटॉप लिनक्ससाठी येत आहेत. विंडोज ११ त्यांवर चढत नाही आणि नवा घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. मिंट किंवा उबुंटू टाकलं की पडदा, आवाज, कीबोर्ड सगळं चालतं; अडतं ते वाय-फायपाशी. मग एस. व्ही. रोडपासून आय. सी. कॉलनीपर्यंत बहुतेक ठिकाणी उपाय ठरलेला असतो: यूएसबी डोंगल लावा आणि मशीन देऊन टाका. ही सवय सोडावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. आतलं कार्ड बहुतेक वेळा धडधाकट असतं.

वायरलेस कार्डाला दोन गोष्टी लागतात. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो. फर्मवेअर ही वेगळी फाइल, जी सुरू होताना कार्डाच्या आत भरली जाते. फर्मवेअर चिप बनवणाऱ्याच्या मालकीचं असतं आणि भांडण तिथेच आहे. २००७ साली रायगडमधल्या खैराटच्या धनगरवाड्यातल्या छोट्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ते लिनक्सवर चालत आणि राउटरशिवाय एकमेकांशी बोलत. त्यांतल्या मार्व्हेल चिपचा ड्रायव्हर खुला होता, फर्मवेअर मात्र बंद, आणि त्यावरून जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत वाद पेटला होता. डेबियनने ही गाठ ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन सोडवली. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं. ‘डेबियनवर वाय-फाय चालत नाही’ हे आपल्याकडे अजून ऐकू येणारं वाक्य त्यामुळे शिळं झालं आहे.

म्हणून पहिलं काम चिप ओळखण्याचं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ पर्यायासह चालवा. ८०८६ ने सुरू होणारा क्रमांक इंटेलचा, १०ईसी रिअलटेकचा, १४ई४ ब्रॉडकॉमचा, १६८सी अथेरॉसचा. त्याच उत्तरात कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही दिसतं. पुढचं ‘डीमेसेज’ सांगतं. फर्मवेअर सापडलं नसेल तर फाइलचं नावसुद्धा तिथे लिहिलेलं असतं.

रिअलटेकच्या बाबतीत दोष पुष्कळदा आपल्या पेनड्राइव्हचा असतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास सापडणाऱ्या ८८२१सीईचा ड्रायव्हर कर्नल ५.९ मध्ये आला, उबुंटू २०.०४ चं मूळ कर्नल ५.४ आहे. जुनी आयएसओ टाकून कार्डाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ८७२३बीईची तऱ्हा निराळी. राउटरशेजारी चालतं, शेजारच्या खोलीत मरतं. काही मॉडेलांत अँटेनाची एकच वायर जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकाकडे कान लावून बसतो. ‘अँट_सेल’ पर्यायात १ किंवा २ देऊन पाहा. बॉडी उघडायचीही गरज पडत नाही.

ब्रॉडकॉमच्या ४३१४२ ला कंपनीचा बंद ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट हवं. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. लिनक्स ते जवळजवळ नेहमी ओळखतं. सिक्युअर बूट चालू असेल तर पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवावी लागते. तो पडदा गिऱ्हाइकाच्या घरी उगवला तर ते घाबरून भलतंच बटण दाबणार, म्हणून ते काम दुकानातच उरका.

इंटरनेटवर सापडलेला ड्रायव्हर हाताने कंपाइल करून बसवण्याला मात्र आमचा ठाम विरोध आहे. कर्नल बदललं की तो सुटतो. लॅपटॉप घरी जातो, एके दिवशी अपडेट येतं आणि वाय-फाय नाहीसं होतं. शिव्या लिनक्सला बसतात. नाइलाज असेल तर निदान डीकेएमएसमधून बसवा. म्हणजे नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बांधला जातो.

कार्ड बदलायचंच असेल तर लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी बोर्ड पाहा. इंटेलचं एएक्स२०१ हे त्या कार्डासाठी बनलेल्या इंटेल बोर्डावरच चालतं. एएमडीच्या बोर्डावर ते मुकं राहतं. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस यादीबाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही, हेही विकत घेण्याआधी तपासा. आणि डोंगलशिवाय खरंच मार्ग नसेल तर ८८२१सीयू किंवा ८८२२बीयू चिपचा निवडा. कर्नल ६.२ पासून त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. लावल्यावर तो सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला तर परत करू नका, ‘यूएसबी_मोडस्विच’ चालवा.

जॉबकार्डवर आपण रॅम आणि डिस्क लिहितो. त्याखाली चिपचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि काय केल्याने चाललं, एवढं लिहायला लागा. एकाने सोडवलेली अडचण दहिसरच्या दुकानात पुन्हा पहिल्यापासून सोडवली जाते, कारण ती कुठेच नोंदलेली नसते. गिऱ्हाइकाचं नाव वगळून त्या नोंदी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांत मॉडेलवार छापू.