श्रमदानाचा हिशेब

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, हे तिचे परिचित स्वरूप. महाराष्ट्रात वृक्षारोपण, समतल चर आणि वनराई बंधारे ही या शिबिरांची नेहमीची कामे होत. हाताच्या कामाला जातिव्यवस्थेने हीन ठरविलेल्या समाजात प्राध्यापक आणि विद्यार्थी एका रांगेत उभे राहून घमेली उचलतात, ही गोष्ट लहान नव्हे. सेवा दलाच्या आणि सोमनाथच्या श्रमशिबिरांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, ते तिची थट्टा करणार नाहीत.

परंतु घामाचे मोल मान्य केल्यावर त्याचा हिशेबही मागितला पाहिजे.

पहिला प्रश्न काळाचा. रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात घातलेला वनराई बंधारा पाऊस ओसरताना, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो. शिबिरे मात्र बहुधा परीक्षांच्या सोयीने डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोवर पुष्कळ ओढ्यांची धार बारीक झालेली असते. जुलैत लावलेल्या रोपाला पाणी आणि राखण हवी असते ती एप्रिल-मे महिन्यांत; त्या वेळी विद्यार्थी परीक्षेत आणि प्राध्यापक उत्तरपत्रिकांत गुंतलेले असतात. अहवालात लावलेल्या रोपांची संख्या येते, जगलेल्यांची क्वचितच.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. या श्रमाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो? माथ्यावर चर खणले की पाणी पायथ्याच्या विहिरींत उतरते. आणि ज्याची जमीन, त्याची विहीर. भूमिहीनांच्या वाट्याला येते ती चराईबंदी. गायरानावर रोपे लागली की कुंपण पडते आणि दोन शेळ्यांवर संसार रेटणाऱ्या बाईची वाट अडते. शिवाय मृद्संधारणाचे काम हा गरिबाच्या मजुरीचा मोठा आधार. १९७२च्या दुष्काळातील संघर्षानंतर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो काम हा हक्क आहे हे मानून. मजुरी देऊन करावयाचे काम फुकट उरकले गेले, तर विद्यार्थ्याच्या पुण्याची किंमत मजुराचा बुडालेला रोज देत असतो.

याचा अर्थ शिबिरे बंद करावीत असा नव्हे. लाभाची वाटणी आधी ठरविता येते, हे पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने दाखवून दिले आहे. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्धा एकर या हिशेबाने दिले गेले. भूमिहीनांचाही वाटा मानला गेला आणि उसाला मनाई झाली. शिबिराचे गाव निवडताना असा करार ग्रामसभेत व्हावा, चारा आणि चराई यांची सोय त्यातच लिहिली जावी, अशी अट विद्यापीठांना सहज घालता येईल.

विद्यापीठापाशी मनगटापेक्षा मोठी शक्ती आहे ती ज्ञानाची. एकच गाव पाच-सात वर्षे धरून भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विहिरींची पातळी मोजावी, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जगलेली झाडे आणि गवत यांची नोंद ठेवावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हजेरीपट आणि मजुरी तपासावी. विद्यार्थ्यांनी काही दिवस कुदळ जरूर चालवावी. पण वर्षभराच्या राखणीसाठी गावातील गरजू माणसाला रास्त वेतन मिळाले पाहिजे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम शिबिराच्या समारोपाला हार घालण्याचे नव्हे. शिबिरापूर्वीच्या ग्रामसभेत भूमिहीनांना बोलते करण्याचे ते आहे. गावात पाणी वाढले, एवढ्यावर समाधान मानणारा विद्यार्थी सेवाभावी खरा. ते कोणाच्या शेतात गेले, हे विचारणारा विद्यार्थी घडला, तरच श्रमदान लोकशिक्षण ठरेल.