दहा हजार खेळांचं यंत्र स्टॉलवर ठेवावं का?

दिवाळीच्या प्रदर्शनात यंदा काय ठेवावं, हे विचारायला परवा शेजारच्या वहिनी आल्या. पिशवीतून त्यांनी साबणाच्या वडीपेक्षा जरासं मोठं, बटणांचं एक यंत्र काढलं. "यात दहा हजार गेम आहेत म्हणे! भाऊजी म्हणतात, वीस मागवू आणि विकू."

मी खेळून पाहिलं, खोटं कशाला सांगू! मारिओ, कॉन्ट्रा... लहानपणी टीव्हीला जोडून भावाशी भांडत खेळलेले सगळे त्यात हजर.

यंत्राच्या पोटात छोटासा संगणक असतो आणि त्यातला 'एम्युलेटर' नावाचा प्रोग्राम जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करतो. स्वस्तातल्या यंत्रावर गेमबॉयचे किंवा पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ छान चालतात. दुसऱ्या प्लेस्टेशनचे मात्र अडखळतात, मग विकणारा काहीही सांगो. हवा तिथे खेळ थांबवून पुढे तिथूनच सुरू करता येतो. त्यामुळे जेवायला हाक मारल्यावर "आई, पाचच मिनिटं" ही सबब चालत नाही! सोबत येणारं मेमरी कार्ड बहुधा हलक्या प्रतीचं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

पण खरी गोम त्या कार्डातच आहे. नक्कल करणारा प्रोग्राम बनवणं गैर नाही, असा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० साली सोनीने केलेल्या दाव्यात दिला. खेळांचं तसं नाही. खेळ जुना झाला म्हणजे फुकट झाला, असं आपल्याला वाटतं. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण निदान ६० वर्षांचं. म्हणजे १९८५ चा मारिओ २०४५ पर्यंत तरी मोकळा होत नाही. मग दहा हजार खेळांचे हक्क त्या विक्रेत्याने विकत घेतले असतील का, तुम्हीच सांगा!

घरात मुलाने खेळणं वेगळं आणि चार पैसे मिळवायला विकणं वेगळं. जाणूनबुजून अशा प्रती विकल्या तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलासाठी एखादं घेणाऱ्यालाही कायदा पूर्ण मोकळं सोडत नाही बरं का, फक्त नफा नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं. इटलीत तर २०२५ साली अशा यंत्रांची ओळख करून देणारे व्हिडिओ बनवणाऱ्या एकाच्या घरून पोलिसांनी तीसहून अधिक यंत्रं जप्त केली.

वहिनींना म्हटलं, विकायचंच असेल तर कार्डाशिवाय, रिकामं यंत्र मागवा, पक्कं बिल घ्या. आजही काही हौशी मंडळी जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहितात. काही फुकट देतात, काही थोड्या पैशांत. गिऱ्हाइकाला ते सुचवा.

"रिकामं कोण घेणार, ताई?" वहिनी म्हणाल्या. तेही खरंच. भाऊजींची ऑर्डर त्यांनी त्याच संध्याकाळी रद्द करायला लावली आणि स्टॉलवर यंदाही आकाशकंदीलच ठेवायचं ठरलं.