लूपस आणि मूत्रपिंड : सूज उतरली तरी गोळ्या सोडू नका

लेकीसुनेच्या गालांवर लाल चट्टे उठतात, सांधे धरतात, सकाळी पापण्या सुजतात, लघवीला फेस येतो. घरचे म्हणतात, ऊन लागले. पण मायबहिणींनो, हा ‘लूपस’ असू शकतो. यात रोगाशी झुंजणारी शरीराची शक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. मूत्रपिंड बिघडले तरी सहसा दुखत नाही. म्हणून लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब तपासावा. सुईने मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढतात, त्यास भिऊ नये. औषध त्यावरूनच ठरते.

आरंभी स्टिरॉइड व जोडीला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुतेक सर्वांनाच देतात. ही मूळची हिवतापाची गोळी. ती चालू असता डोळे तपासत राहावे. बेलिमुमॅबसारखी नवी औषधे मूत्रपिंडाच्या लूपससाठी 2020 पासून मंजूर होऊ लागली, पण महाग आहेत. जुन्या औषधांनीही पुष्कळ जणींची मूत्रपिंडे वाचतात.

घोटाळा पुढेच होतो. सूज उतरली की गोळ्या बंद! उपचार निदान तीन वर्षे चालवावा लागतो. स्टिरॉइड एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ते निदान सहा आठवडे आधी बदलून अझाथायोप्रिन देता येते. अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नका, त्या मूत्रपिंडाला बाधतात.